ग्रीन टी महाग नाही, फक्त उकळू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी पेपरांच्या पुरवण्यांमध्ये ग्रीन टीवर वर्षातून दोन-चारदा तरी लेख येतोच आणि तो हमखास आरोग्याच्या पानावर असतो, शेजारी कोणीतरी सडपातळ बाई कमरेला टेप लावून हसत असते. खाण्यापिण्याच्या पानावर ग्रीन टी आलेला मी अजून पाहिला नाहीये. माझं म्हणणं एवढंच की त्याला त्या आरोग्याच्या पानावरून उचला, कारण तो चहा आहे, चवीसाठी प्यायचा, आणि घरी नीट केला तर आपल्या दुधाच्या चहापेक्षा महाग पडत नाही. हे कोणीच कसं सांगत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण पाण्याचा भाग तेवढा ठेवा.

आता आपल्याकडे काय होतं बघा. फोंड्याच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानात सुटा ग्रीन टी आहे का विचारलं तर दुकानदार म्हणतो, "बाय, ती चाय डायट करपी लोकांची," आणि वर मला एकदा नीट बघून घेतलं, म्हणजे हिला गरज आहे असं वाटलं असावं बिचाऱ्याला. मग काचेच्या कपाटातून एक बॉक्स काढून दिला, त्यात टी-बॅग, लिंबू-मध फ्लेवर, बॉक्सचा रंग उन्हाने उडालेला, पॅकिंगची तारीख बघितली तर मागच्या पावसाच्याही आधीची. असला चहा घरी न्यायचा, खळखळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवायचा, कडू झाला की नाक दाबून प्यायचा आणि चार दिवसांनी तो बॉक्स फ्रिजवर ठेवून विसरून जायचा, हे गोव्यातल्या निम्म्या घरात झालंय. त्यात त्या चहाचा काही दोष नाही हो.

पैशाचं बोलूया आधी, कारण मी दुसऱ्यांचे हिशेब लिहूनच पोट भरते. घरचा एक कप दुधाचा चहा घ्या. अर्ध्या लिटरची पिशवी तीसेक रुपये धरली आणि कपाला ७५ मिली दूध लागलं तर दुधाचेच साडेचार रुपये झाले, ५०० रुपये किलोची पावडर ३ ग्रॅम म्हणजे दीड रुपया, साखर, आलं, गॅस सगळं मिळून सातच्या आतबाहेर जातं. आता सुटा ग्रीन टी, निलगिरीचा किंवा कांगड्याचा साधा चांगला, १०० ग्रॅमला अडीचशे-तीनशे पडतात. आकडा ऐकून माणूस दचकतो कारण तो मनात लगेच दहाने गुणतो आणि म्हणतो बापरे तीन हजार किलो! पण कपाला लागतो २ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा रुपये, आणि तीच पानं दुसऱ्यांदा वापरता येतात, वापरायचीच असतात, म्हणजे कप आला तीन रुपयांवर, दूध नाही साखर नाही. पणजीत एका कॅफेत मात्र याच ग्रीन टीचे १२० रुपये घेतले आणि दिलं काय, तर उकळतं पाणी आणि बशीत एक बॅग. महाग वाटतो तो तिथे, घरी नाही.

हा चहा वेगळ्या झाडाचा असतो असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. झाड तेच, कॅमेलिया सायनेन्सिस, ज्याची आपली रोजची पावडर होते तेच. पान तोडलं की ते हवेने हळूहळू काळं पडायला लागतं, ते पूर्ण काळं पडू दिलं की झाला आपला नेहमीचा चहा. ग्रीन टीत ते काळं पडणं सुरू व्हायच्या आतच थांबवतात, पानाला गरम करून. चीनमध्ये मोठ्या लोखंडी कढईत परततात, जपानमध्ये वाफ देतात, म्हणून जपानी चहाला जरा समुद्राच्या शेवाळासारखा ओला वास असतो आणि चिनी चहाला भाजक्याचा. आपल्याकडे १९३०च्या सुमाराला आसामात सीटीसी मशीन आलं, पान चिरडा, फाडा, गोळी करा, आणि त्या गोळ्या दूध-साखरेला पुरून उरतात म्हणून देशभर तेच झालं. भारतात वर्षाला १३०० दशलक्ष किलोच्या आसपास चहा होतो आणि त्यातला फार मोठा वाटा सीटीसीच. त्याला मी नावं ठेवत नाहीये, सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला आणि गरम पोई, आपला गोव्याचा पाव, हातात आली की मला पण दूध घातलेलीच कडक चाय लागते, पोईबरोबर ग्रीन टी म्हणजे कायतरीच.

व्हाईट टीचं तर नावच फसवं वाटतं, लोक समजतात दूध घातलेला. त्यात तर काहीच करत नाहीत जवळजवळ, ना परतायचं ना वाफवायचं ना वळायचं, कोवळी पानं पसरून सुकवतात, बास. चीनमध्ये फुजियान प्रांतात फुडिंग आणि झेंगह ही त्याची जुनी गावं. नुसत्या कळ्यांचा जो असतो त्याला चांदीच्या सुया म्हणतात, कळीवर पांढरी लव असते म्हणून, आणि तो महागच, त्याच्या नादाला लागू नका. त्याच्या खालचा बाय मू दान, कळी आणि एक-दोन पानं, आणि त्याहून खालचा शौ मेई, मोठी पानं, काड्या, दिसायला अगदी पालापाचोळा. स्वस्तात व्हाईट टी प्यायचा असेल तर या खालच्या दोघांच्या धर्तीचा घ्यायचा, आणि चिनीच पाहिजे असं नाही, निलगिरीत, मुन्नारकडे, दार्जिलिंगला आता तसला होतो. मी मागवते तो ५० ग्रॅमला साडेचारशे पडतो. कपाला अडीच ग्रॅम म्हणजे २२ रुपये, ऐकायला जास्त आहेत मान्य आहे, पण त्याच पानांवर तीनदा आरामात पाणी घालता येतं, चौथ्यांदाही काहीतरी येतं, म्हणजे पुन्हा कप सात-आठ रुपयांवरच. दुपारी चारला एकटीने बसून प्यायला हा सगळ्यात छान, मधासारखा, काकडीच्या जवळ जाणारा वास असतो, आणि काकडी-गुळाच्या तवसळीचा तुकडा बरोबर असेल तर विचारूच नका.

आता पाणी. इथेच सगळं बिघडतं. ग्रीन टीला उकळतं पाणी चालत नाही, ७५-८० डिग्री पाहिजे, कारण जेवढं पाणी गरम तेवढे त्यातले कडू-तुरट कॅटेचिन भराभर उतरतात आणि जो गोडवा आधी यायचा असतो तो त्यांच्याखाली गाडला जातो. लोक म्हणतात थर्मामीटर कुठून आणू. काही नको, आपल्या गोव्याची हवाच कामाला येते, घरात ठेवलेलं फिल्टरचं पाणी वर्षभर साधारण २८ डिग्रीच्या आसपास असतं. तीन वाट्या खळखळ उकळलेलं पाणी आणि एक वाटी हे साधं पाणी एकत्र केलं की ८२ होतात, भांड्यात ओतेपर्यंत ८० वर येतात. अजून नाजूक चहा असेल, जपानी वगैरे, तर दोनास एक, ७६ होतात. गुणाकार करून बघा हवं तर, मी केलाय. फ्रिजचं पाणी मात्र नको त्यात, सगळं गणित चुकतं. व्हाईट टीला जरा जास्त चालतं, चार वाट्यांना एक, ८५ च्या आसपास, आणि तो तसा क्षमाशील आहे, पाच मिनिटं विसरलात तरी कडू होऊन सूड घेत नाही. ग्रीन टी मात्र दोन मिनिटांत गाळायचाच, घड्याळ लावून, आणि गाळायचा म्हणजे सगळं पाणी काढून घ्यायचं, थोडं खाली राहू दिलं तर पुढचा कप गेला. मग दुसऱ्यांदा पाणी घालताना अडीच-तीन मिनिटं.

भांडं कसलं असंही विचारतात. मी स्टीलच्या झाकणाच्या डब्यात करते आणि नेहमीच्या चहाच्या गाळणीने गाळते. फक्त ती गाळणी वेगळी ठेवा, दुधाच्या चहाची गाळणी कितीही घासली तरी तिला तो वास राहतोच आणि ग्रीन टीला तो लगेच लागतो. मापाचं म्हणाल तर ग्रीन टीचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण २ ग्रॅम, पण व्हाईट टी फुगीर असतो, त्याचे मोठे दोन चमचे घेतले तरी वजन तेवढंच भरतं. सुरुवातीला एकदा वाण्याकडच्या बारीक काट्यावर मोजून बघा.

आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा कपात डोकावून विचारलं, "हें कितें, तांदळाचें धुवण?" आणि खरं सांगू, पहिला घोट कोणालाही तसाच लागतो. साखरेची आणि मसाल्याची जीभ असते आपली, ती आधी शोधते कुठे आहे चव, कुठे आहे, आणि सापडली नाही की म्हणते पाणीच आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं की घोट गिळल्यानंतर मागून येतं ते, घशात. सासूबाईंनी अजून दूध सोडलेलं नाही, सोडावं असं मला वाटतही नाही, पण आता श्रावणात पातोळ्या केल्या की स्वतःहून म्हणतात ती तुझी हिरवी कर, कारण हळदीच्या पानाच्या वासावर दुधाचा चहा चढतो आणि हा चढत नाही.

मे महिन्यात तर मी गरम करतच नाही. एक लिटर पाण्याच्या बाटलीत ८-१० ग्रॅम ग्रीन टी टाकायचा, रात्री फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी गाळायचा. थंड पाण्यात ते कडू भाग फारसे उतरतच नाहीत, कॅफिनसुद्धा कमी येतं, त्यामुळे थोडा जास्त वेळ राहिला तरी चालतो, सोपं एवढं की बिघडवायचं म्हटलं तरी बिघडत नाही. लिटरला २०-३० रुपये. दुकानातली आईस टीची बाटली यापेक्षा महाग आणि आत बघायला गेलं तर साखरेचं पाणी. लिंबू पिळा हवं तर. सोलं, म्हणजे आमसुलं, घालून बघू नका, ती दोघं एकमेकांना बोलू देत नाहीत. आणि बाहेर कट्ट्यावर ठेवून करू नका, आपल्या उकाड्यात रात्रभरात पाणी खराब होतं, फ्रिजच पाहिजे.

खरा वैरी आपला पावसाळा. जूनपासून घरातलं मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, तिथे चहाच्या पानाची काय कथा, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि ओलीबरोबर वाससुद्धा. आपल्याकडे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, सुकी सुंगटां म्हणजे कोळंबी, सुके बांगडे, सोलं, मिरच्या, सगळं एका कपाटात, आणि त्याच कपाटात कागदी बॉक्समधला ग्रीन टी ठेवला तर जुलैत तो सुंगटांचा चहा होतो, यात काही अतिशयोक्ती नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तोही छोटा, म्हणजे आत रिकामी हवा कमी, आणि मसाल्यापासून लांब. काचेची बरणी दिसायला छान पण उजेडाने चहाचा रंग आणि वास दोन्ही जातात. फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी जमतं. एका वेळी ५० नाहीतर १०० ग्रॅमच आणा, किलो स्वस्त मिळतोय म्हणून आणू नका. व्हाईट टी जुना झाला की आणखी चांगला होतो असं चिनी लोक मानतात आणि कोरड्या जागी ते खरंही आहे, पण आपल्या हवेत तो प्रयोग करायला जाल तर बुरशी मिळेल.

या वास ओढण्याचाच चिनी लोकांनी फायदा करून घेतलाय. ज्याला जास्मिन टी म्हणून हॉटेलात एवढे पैसे मोजतात त्यातलं फूल म्हणजे आपला मोगराच. संध्याकाळी उमलायच्या बेतातल्या कळ्या ग्रीन टीत मिसळून ठेवतात, रात्री कळी उमलते, वास सोडते, तो पानं पितात, सकाळी फुलं वेचून काढून टाकतात आणि चहा परत सुकवतात. चांगल्या चहाला हे पुन्हा पुन्हा करतात. घरच्या कुंपणाला मोगरा असेल तर मूठभर कळ्या आणि पन्नास ग्रॅम साधा स्वस्त ग्रीन टी घेऊन एप्रिल-मेमध्ये करून बघा, फक्त सकाळी फुलं काढल्यावर तो चहा अगदी मंद आचेवर तव्यावर फिरवून खडखडीत कोरडा करायचा, नाहीतर बुरशी. बाजारातल्या फुलांवर फवारणी असते, ती वापरू नका. म्हार्दोळच्या जाईचं काय असं मला एकीने विचारलं. जाई मी घालून बघितलेली नाही, ती बायकांच्या केसात आणि देवीच्या पूजेतच बरी.

टी-बॅगबद्दल माझं मत चांगलं नाही. आत बहुतेक पानाचा चुरा असतो, चाळणीखालचा, तो झटकन सगळं सोडतो आणि दुसऱ्या पाण्याला काही उरत नाही, म्हणजे हिशेबातही ती हरते. शिवाय ज्या चकचकीत त्रिकोणी जाळीदार बॅगा असतात त्या पुष्कळदा नायलॉन किंवा प्लास्टिकच्या, आणि कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने २०१९ मध्ये तपासून सांगितलं की गरम पाण्यात अशा बॅगेतून प्लास्टिकचे अब्जावधी बारीक कण कपात येतात. ऑफिसात पर्याय नसेल तर साधी कागदी घ्या.

आणि आरोग्याचं आता मीच बोलते, कारण जाहिरातीत हे येत नाही. कपभर ग्रीन टीने पोट आत जात नाही. तो जेवणाला लागून पिऊ नये, भाजी-कडधान्यातलं लोह शरीराला मिळायला तो आडवा येतो, आणि आपल्याकडे बायकांना हिमोग्लोबिनची रड आधीच आहे, तासभर अंतर ठेवा. रिकाम्या पोटी घेतला तर काही जणांना मळमळतं. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तर बिलकूल नकोत, युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन, गोळ्यांतून गेलं तर लिव्हरला त्रास व्हायची लक्षणं दिसतात, साध्या चहाच्या कपाबद्दल तशी तक्रार नाही. साखर बंद झालेल्या माणसाला मात्र हा खरा उपयोगी, औषध म्हणून नव्हे, तर फिक्का दुधाचा चहा पिऊन तोंड वाकडं करण्यापेक्षा मुळातच साखर न लागणारा चहा बरा म्हणून. आमच्या सासऱ्यांचं तसंच झालं, डॉक्टरांनी साखर तोडली आणि ते व्हाईट टीवर स्थिरावले.

घ्यायचा कुठला, तर माझं मत कांगडा. हिमाचलात पालमपूरच्या बाजूला १८४९ पासून तिथे चहा लावलाय, चिनी जातीचं बारीक पान, ग्रीन टीला तेच चांगलं. एकेकाळी त्याचं मोठं नाव होतं, १९०५ च्या भूकंपात मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले, गोरे मालक सोडून गेले आणि तो मागे पडला तो पडलाच. तिथला ग्रीन टी अमृतसरमार्गे काश्मीर-अफगाणिस्तानला जायचा म्हणून आपल्यापर्यंत कधी आलाच नाही. २००५ मध्ये त्याला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण, मिळालं. दार्जिलिंगचं नाव मोठं म्हणून पैसे जास्त, कांगड्याला तेवढं नाव नाही म्हणून अजून परवडतो, लोकांना कळायच्या आत पिऊन घ्या.

आता मागणं. फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव इथल्या चहा-कॉफीच्या दुकानदारांनी सुटा ग्रीन टी ५० ग्रॅमच्या पाकिटात ठेवावा, वर पॅकिंगचा महिना मोठ्या अक्षरात, आणि कपाटात उन्हासमोर मांडू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मसाल्याच्या पोत्याशेजारी तर नकोच नको. आणि तुम्ही संपादकसाहेब, पुढच्या वेळी ग्रीन टीवर लेख छापाल तेव्हा त्यात पाणी किती गरम आणि किती मिनिटं एवढं तरी टाका, कमरेची टेप नसली तरी चालेल.

सध्या आम्ही शेजारच्या तिघीचौघी मिळून ऑनलाइन मागवतो, म्हणजे कुरियरचा खर्च वाटून जातो, पण पावसात पार्सल कधी भिजून येतं. गोव्यात कोणाकडे भारतीय व्हाईट टी सुटा, ताजा, पाचशेच्या आत ५० ग्रॅम मिळत असेल तर कृपया याच सदरात दुकानाच्या गावासकट कळवावं, आम्ही बसने येऊन घेऊन जाऊ.

आपली,
एक वाचक
प्रियोळ, फोंडा